मोतीची सांधेदुखी आणि पूरक गोळ्यांचा गुण

आमच्या कुत्र्याला, मोतीला, बारावे वर्ष लागले, त्या सुमारास सकाळी उठताना त्याचे मागचे पाय आखडू लागले. दहा-बारा पावले टाकली की चाल मोकळी होत असे, म्हणून मी ते वयाचे लक्षण मानले आणि पशुवैद्यांकडे नेण्यात काही महिने घालवले, याची खंत मला आजही आहे. खुब्याच्या सांध्यांतील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचिक आवरण, झिजली आहे, असे निदान झाले. त्याच संध्याकाळी मी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या आणल्या आणि तीन आठवड्यांत मोतीला छान गुण आला, असे भेटेल त्याला सांगू लागलो.

तो गुण गोळ्यांचाच होता, असे आज मी म्हणणार नाही. संधिवाताचे दुखणे एकसारखे राहत नाही. काही दिवस ते उसळते, मग आपोआप ओसरते, आणि आपण नवा उपाय सुरू करतो तो नेमका उसळलेल्या दिवसांत, त्यामुळे पुढच्या उताराचे श्रेय उपायाला जाते. वेदनाशामकाच्या एका चाचणीत ज्या कुत्र्यांना औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी दिली होती, त्यांच्यातील कित्येकांची चाल सुधारल्याचे मालकांनी आणि पशुवैद्यांनीही नोंदवले होते, मात्र पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या यंत्राला ती सुधारणा आढळली नाही. ज्या जिवावर आपली माया असते, तो बरा होताना दिसावा ही इच्छाच आपल्या डोळ्यांतून पाहू लागते.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे कूर्चेचेच घटक असल्याने ते पोटातून दिले की झीज भरून निघेल, हा तर्क सहज पटतो. प्रत्यक्षात कुत्र्यांवरील चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. २००७ मधील एका चाचणीत ७० दिवसांनी सुधारणा आढळली, तर २००३ मधील एका चाचणीत काहीच फरक दिसला नव्हता. २०२२ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात या जोडीचा वेदनेवर परिणाम दिसला नाही आणि ओमेगा-३ मेदाम्लांचा मात्र दिसला.

म्हणून पूरकांपैकी एकच निवडायचे असेल, तर मी माशाचे तेल निवडेन. त्यातील ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले सांध्यातील दाह कमी करतात. जवसाच्या तेलातील ओमेगा-३ वेगळे असते. त्याचे ईपीएमध्ये रूपांतर कुत्र्यांच्या शरीरात फार थोडे होते आणि मांजरांच्या शरीरात जवळजवळ होतच नाही. कॉड माशाच्या यकृताचे तेलही याच्या जागी चालत नाही, कारण त्यातील अ आणि ड जीवनसत्त्वे साठत जाऊन अपाय करतात. प्रमाण ठरवताना बाटलीवरील तेलाचा आकडा न पाहता ईपीए आणि डीएचए किती आहे ते पाहावे आणि पशुवैद्यांना विचारावे; तेल जास्त झाले तर जुलाब होतात आणि एका चमच्यामागे सुमारे ४० कॅलरी वाढतात.

या कॅलरी क्षुल्लक नाहीत. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीतील दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षे अधिक जगली आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरजही बरीच उशिरा पडली. आधीच लठ्ठ असलेल्या कुत्र्याचे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे कमी होते. कोणत्याही डब्यातील गोळीबद्दल इतक्या खात्रीने मला बोलता येणार नाही.

मांजरांचे दुखणे तर दिसतच नाही. बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण तपासणीत ९० जणींमध्ये सांध्यांची किंवा मणक्यांची झीज आढळली होती, पण मांजर सहसा लंगडत नाही. आमच्या मनीने खिडकीवर उडी मारणे सोडले, तिच्या पाठीवरचे केस गुंतू लागले, नखे वाढली. ती आळसावली आहे, असेच आम्ही समजत होतो. तिच्या बाबतीत खिडकीखाली ठेवलेल्या स्टुलाने आणि बुटक्या काठाच्या लिटर ट्रेने (मांजराच्या शौचाच्या ट्रेने) जितका आराम दिला, तितका कोणत्याही पूरकाने दिला नाही.

एक गोष्ट मला हात जोडून सांगावीशी वाटते. माणसांची वेदनाशामके या प्राण्यांना स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेन दोघांनाही घातक आहे. माणसांसाठीच्या चघळण्याच्या पूरक गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ) असेल, तर ते कुत्र्यासाठी विष आहे. शिवाय प्राणी खरोखर कळवळत असेल, तर पूरकाचा गुण येण्याची वाट पाहत त्याला आठवडेच्या आठवडे दुखण्यात ठेवणे योग्य नाही. त्याला पशुवैद्यांनी दिलेले वेदनाशामकच हवे.

आता कोणतेही नवे पूरक सुरू करण्याआधी मी मोतीचे चित्रण करून ठेवतो: तोच जिना, तीच वेळ, जागे झाल्यानंतरची पहिली वीस पावले. आठ आठवड्यांनी पुन्हा तसेच चित्रण करून दोन्ही घरातल्या अशा माणसाला दाखवतो, ज्याला आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे ठाऊक नसते. ग्लुकोसामाइनच्या वेळी त्याला फरक ओळखता आला नाही, म्हणून ते बंद केले. माशाचे तेल आणि साडेतीन किलोंनी उतरलेले वजन यांनंतरचे चित्रण त्याने पहिल्याच पाहण्यात ओळखले; त्यात मोती तिसऱ्या पायरीवर थांबला नव्हता.