पाचही वर्कर एकाच ओळीवर

मंगळवार, रात्री

दुपारपासून साइट रखडत होती. जँगो या पायथन फ्रेमवर्कचं अ‍ॅप, पुढे गनिकॉर्न हा सर्व्हर (आलेल्या रिक्वेस्ट हाताळणाऱ्या त्याच्या प्रोसेस म्हणजे वर्कर), मागे पोस्टग्रेस डेटाबेस. साधं 'संपर्क' पान उघडायलाही वीस-पंचवीस सेकंद. ऑफिसात लगेच सूर लागला: पायथन स्लोच असतं, मोठा सर्व्हर घ्या. हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. वेळ कुठे जातोय ते न बघता पैसे ओतायचे तरी कशावर?

सर्व्हरवरचा भार दाखवणारी टॉप कमांड लावून बघितलं, तर सीपीयू जवळजवळ रिकामा. म्हणजे कोड राबत नव्हता, कशाची तरी वाट बघत होता. पोस्टग्रेसमध्ये रेंगाळलेली एकही क्वेरी नाही. गनिकॉर्नच्या लॉगमध्ये मात्र 'वर्कर टाइमआउट'च्या ओळींमागून ओळी. 30 सेकंद अडकून राहिलेला वर्कर गनिकॉर्न मारतो आणि नवा उभा करतो, तसं सतत चाललं होतं.

मग पाय-स्पाय काढलं, चालू पायथन प्रोसेसमध्ये डोकावणारं साधन. फार गुणी हत्यार आहे. कोडमध्ये काही घालावं लागत नाही, रीस्टार्ट नको. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन डंप मागितला की प्रोसेस त्या क्षणी कुठल्या ओळीवर उभी आहे ते दिसतं. एकेक पीआयडी दिला. पाचही वर्कर एकाच जागी! दुसऱ्या सेवांशी बोलणाऱ्या रिक्वेस्ट्स या पायथन लायब्ररीचा पोस्ट कॉल, त्याच्या आत सॉकेटवर वाचन, म्हणजे उत्तराची वाट. ओटीपीचा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेकडून उत्तरच येत नव्हतं.

रिक्वेस्ट्स लायब्ररीला डीफॉल्ट टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, नाही. आपण सांगितला नाही, तर ती थांबूनच राहते. आणि सिंक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. आमचे कोर 2, म्हणून दुप्पट अधिक एक या हिशेबाने वर्कर 5. पाच जण लॉगिनला अडकले की सहावा रांगेत, मग त्याला ओटीपी हवा असो वा नसो. मोठ्या सर्व्हरवरही हेच झालं असतं, फक्त जरा उशिरा.

संध्याकाळी टाइमआउट चढवला: जोडणीला 3 सेकंद, वाचनाला 5. हे 5 म्हणजे एकूण वेळ नव्हे, मध्ये एकही बाइट न येता जाणारा वेळ. सेवा थेंबथेंब उत्तर देत राहिली तर वर्कर पुन्हा अडकेल. म्हणून एसएमएस वेब रिक्वेस्टमधून काढून सेलरीकडेच, म्हणजे मागे वेगळी कामं उरकणाऱ्या व्यवस्थेकडे, द्यायला हवेत.

ओटीपी अजून पोचत नाहीयेत, बाकी पानं मात्र झटकन उघडतायत. उद्या सेलरीचं काम, आणि टाइमआउट नसलेले इतर कॉल शोधायचे. पेमेंटची स्थिती विचारणारा कॉल आधी बघेन.