न कापणारे चाक

जुन्या हत्यारांनी भरलेली एक लाकडी पेटी माझ्या संग्रहात आली, तेव्हा तिच्यातील बहुतेक वस्तू मी ओळखल्या, पण दोन वस्तूंपाशी अडलो. एक पक्कडीसारखी होती आणि तिच्या जबड्यात एक छोटी फिरती चकती होती. दुसरी वस्तू म्हणजे लोखंडाचे एक पातळ चाक होते, जे दोन फाट्यांच्या दांड्यात रिव्हेटने बसवलेले होते आणि दांड्याला लाकडी मूठ होती. चाकावर ना अंक होते, ना कारखान्याचा शिक्का. चामडे कापण्याचे चाक असावे, असे मी ठरवून टाकले आणि तिथेच फसलो, कारण एकदा नाव दिले की त्याच्याशी न जुळणारे तपशील डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत.

त्याहून मोठी चूक म्हणजे कुणाला विचारण्यापूर्वीच मी ते चाक तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केले. ओळखीच्या काही संग्राहकांना छायाचित्रे पाठवली, तेव्हा पहिल्याच उत्तरात विचारणा झाली, "घासण्याआधीचे छायाचित्र आहे का?" ते नव्हते. गंजाच्या थरात रंगाचे अवशेष, पुसट ठसे आणि हाताळणीने गुळगुळीत झालेल्या जागा टिकून असतात आणि वस्तूची ओळख पुष्कळदा त्यांवरूनच पटते, हे त्यांनी मला सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे सुनावले.

मग त्यांच्या सांगण्यावरून मी सगळे पुन्हा नीट केले. शेजारी मोजपट्टी ठेवून प्रत्येक बाजूचे छायाचित्र घेतले, प्रकाश समोरून न टाकता अगदी तिरपा टाकला, म्हणजे उथळ खुणांची सावली पडते, आणि जिथे ठसा असल्याचा संशय आला तिथे पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली.

पक्कडीचा उलगडा काही मिनिटांतच झाला. ते करवतीचे दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवण्याचे साधन निघाले. दात असे वाकवले की चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. चकतीवरचे अंक एका इंचात किती दात आहेत त्यानुसार चकती फिरवून लावण्यासाठी होते. तिच्यावर पेटंटचा क्रमांकही होता आणि त्यावरून मी लगेच वर्ष काढायला निघालो होतो, पण देश ठाऊक नसताना नुसत्या क्रमांकाला अर्थ नसतो. अमेरिकेत १८३६ पासून क्रमांक सलग चालत आले आहेत, तर ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत ते दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत आणि १९१६ मध्ये १,००,००१ पासून सलग मालिका सुरू झाली. शिवाय पेटंटचे वर्ष मिळाले तरी वस्तू त्याआधीची नाही एवढेच कळते, ती नंतर कितीही वर्षे बनत राहिलेली असू शकते.

चाकाने मात्र सगळ्यांनाच बरेच दिवस झुलवले. काठ बोथट होता आणि त्याला कधी धार लावल्याची खूणही नव्हती, म्हणून माझे चामड्याचे चाक बाद झाले. कापडावर नक्षी उतरवण्याचे चाक म्हणावे, तर काठाला दाते हवे होते. एकाने ते खेळणे असल्याचे सुचवले, पण दांड्याचे घडीव काम पाहता तेही पटेना. अखेर तरुणपणी लोहारकाम केलेल्या एका ज्येष्ठ संग्राहकांनी विचारले, "तुम्ही व्यास का सांगता आहात? काठाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा की." व्यास १९.४ सेंटिमीटर, म्हणजे कशातच न बसणारा आकडा होता. दोरा भरला बरोबर चोवीस इंच, म्हणजे दोन फूट.

"मग काठावर एक खाच असणार," ते म्हणाले. तिरप्या प्रकाशात ती सापडली, ब्रशने जवळजवळ पुसून टाकलेली. हे लाकडी चाकाला लोखंडी धाव, म्हणजे कडेभोवती बसणारे लोखंडी कडे, चढवणाऱ्या कारागिराचे मोजचाक होते. लाकडी चाकाच्या कडेवर खडूची खूण करायची, खाच तिच्यावर ठेवून मोजचाक कडेवरून फिरवायचे, फेरे मोजायचे आणि शेवटचा अपुरा फेरा मोजचाकावरच खडूने नोंदवायचा. मग तेच मोजचाक धावेच्या आतल्या बाजूने फिरवायचे. धाव मुद्दामच थोडी लहान ठेवतात, तापवून चढवतात आणि पाणी ओतून आवळतात. एक मीटर व्यासाच्या चाकाची धाव ५०० अंश सेल्सिअसने तापली की तिचा परीघ सुमारे १९ मिलिमीटरने वाढतो आणि सगळे काम तेवढ्याच फरकात उरकावे लागते. फेरे आणि खडूची रेघ यांवर भागत असल्याने चाकावर अंकांची गरजच नव्हती, आणि मी अंक नाहीत म्हणून ते मोजण्याच्या साधनांतून आधीच वगळले होते.

मी ते एका रिकाम्या पिंपाच्या कडेवरून फिरवून पाहिले. पहिल्या खेपेस ते घसरले, दुसऱ्या खेपेस तीन फेरे आणि वर थोडे भरले, आणि फितीने मोजलेल्या परिघाशी ते माप जुळले. त्या खाचेत आता खडूची पूड बसली आहे. ती मी पुसलेली नाही.