बाजू न घेता वाचणे : विधी प्रवेश परीक्षेची माझी दोन वर्षे

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरात न्यायालयाचा उल्लेख मी शाळेत जाण्याच्या आधीपासून ऐकत आले. आप्पा आणि मोठे काका यांच्यात वाटणीचा दावा चालू होता. तारीख असली की आप्पा कापडी पिशवीत कागद घालून सकाळच्या गाडीने निघत आणि दिवेलागणीला परत आल्यावर पुढची तारीख कोणती पडली एवढेच सांगत. त्या पिशवीतले सातबारे, फेरफाराचे उतारे आणि कैफियतीच्या नकला मी इतक्या वेळा उलगडल्या होत्या की वादी, प्रतिवादी, चतुःसीमा, मनाई हुकूम हे शब्द मला कोणी शिकवावे लागले नाहीत. पदवीनंतर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देण्याचे ठरविले तेव्हा बाकी कशाचे नाही तरी कायद्याच्या विभागाचे मला भय नव्हते. २०२१ साली पहिल्या प्रयत्नात मी हव्या त्या महाविद्यालयापर्यंत पोहोचले नाही, आणि नंतर माझ्या सराव चाचण्या एकेक करून तपासल्या, तेव्हा सर्वांत जास्त चुका नेमक्या त्याच विभागात निघाल्या.

त्या वेळी ही परीक्षा १५० प्रश्नांची, १५० गुणांची आणि दोन तासांची होती. इंग्रजीला ५०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना ४०, कायदेविषयक अभिक्षमतेला ३० आणि तार्किक व विश्लेषणात्मक विचाराला ३० गुण होते. पुढे प्रश्नसंख्या १२० वर आली, तरी हे चार विभाग कायम राहिले. कायद्याच्या विभागात बहुधा एक तत्त्व दिलेले असते, त्याखाली एक घटना असते, आणि ते तत्त्व त्या घटनेला लावून उत्तर निवडायचे असते. यासाठी कायदा आधी शिकलेला असण्याची गरज नाही. वाचता मात्र आले पाहिजे, आणि ते मला येत नव्हते.

माझ्या वहीतले एक उदाहरण देते. तत्त्व असे होते : जो आपल्या जमिनीत धोकादायक ठरू शकेल अशी वस्तू आणून साठवितो, ती वस्तू जमिनीबाहेर गेल्याने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास, त्याची हयगय नसली तरीही, तो भरपाई देण्यास जबाबदार ठरतो. घटना अशी : एका शेतकऱ्याने शेततळे बांधले, काम चोख केले, पण मोठ्या पावसात बांध फुटला आणि शेजाऱ्याची उभी कपाशी पाण्याखाली गेली. मी उत्तर दिले की शेतकरी जबाबदार नाही, कारण अतिवृष्टी ही दैवी आपत्ती आहे आणि बिचाऱ्याने आपल्याकडून काहीच कसूर केली नव्हती. हे उत्तर चुकीचे होते. दैवी आपत्तीचा अपवाद कायद्यात आहे, परंतु मला दिलेल्या तत्त्वात तो नव्हता. तो मी बाहेरून आणला, आणि आणला तोही अशासाठी की कपाशीपेक्षा शेततळ्यासाठी काढलेले कर्ज माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. हे तत्त्व १८६८ सालच्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधील निकालातून आले आहे आणि तो खटलाही साठवलेल्या पाण्याचाच होता, हे नंतर वाचले तेव्हा तो प्रश्न माझ्या मनात कायमचा बसला.

आता घटनेत एवढाच बदल करून पाहा की बांध फुटला नाही, तर शेजाऱ्याचा सालदार त्याच शेततळ्यात उतरला आणि बुडाला. मन लगेच भरपाईच्या बाजूने जाते, कारण येथे माणसाचा जीव गेला आहे. परंतु तत्त्वाची अट आहे की वस्तू जमिनीबाहेर गेली पाहिजे, आणि पाणी तर जागचे हललेले नाही. त्या तत्त्वाखाली जबाबदारी येत नाही. दुसऱ्या एखाद्या तत्त्वाखाली येईलही, पण तो या प्रश्नाचा विषय नाही.

याहून अवघड प्रश्न माझ्या घरातलाच निघाला. एका सराव चाचणीत तत्त्व होते की स्वेच्छेने केलेल्या नोंदणीकृत दस्ताने ज्या मिळकतीतील हक्क सोडला, त्या मिळकतीत पुन्हा हिस्सा मागता येत नाही. घटनेतील बहिणीने भावांची नाती टिकावीत म्हणून सही केली होती आणि दहा वर्षांनी ती हिस्सा मागत होती. मी तिला हिस्सा देऊन टाकला. माझ्या फुईने, म्हणजे आत्याने, तसेच हक्कसोडपत्र करून दिलेले होते, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मिळालेला सहदायिकीतील, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील, हक्क मला पाठ होता. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले, हेही मला माहीत होते. पण प्रश्न हक्क होता की नाही हा नव्हता, तो सोडला होता की नाही हा होता. मला जे खरे वाटत होते आणि जे विचारले होते, त्या दोहोंत अंतर होते. परीक्षा त्या अंतराचीच असते, असे मला त्या दिवसापासून वाटते.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी पद्धत बदलली. घटना वहीने झाकून आधी फक्त तत्त्व वाचायचे आणि त्यातील अटी मोजायच्या. ‘आणि’ असेल तर दोन्ही अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत, ‘किंवा’ असेल तर एक पुरे, आणि ‘परंतु’ आले तर त्यापुढचे दोनदा वाचायचे. ‘जाणूनबुजून’, ‘संमतीने’, ‘कामाच्या ओघात’ यांसारखे शब्द तर अटीच असतात. परीक्षा संगणकावर असते आणि पडद्यावर अधोरेखित करता येत नाही, म्हणून कच्च्या कागदावर प्रत्येक अटीसाठी एक अक्षर लिहायचे आणि मग घटना वाचताना त्या अक्षरापुढे खूण करायची. सुरुवातीला एका प्रश्नाला तीन मिनिटे लागत. चार महिन्यांनी तेच काम एका मिनिटात होऊ लागले. उत्तर चुकले तर मी कोणाची बाजू घेतली होती, हे वहीत लिहून ठेवत असे. बहुतेक वेळा ती बाजू शेतकऱ्याची, बाईची किंवा मजुराची असे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. वकील म्हणून ती बाजू घ्यायचीच असेल तर आधी कागद काय म्हणतो ते कळले पाहिजे, एवढेच.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिते. या परीक्षेत इंग्रजीचा विभाग सोडून प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात, पण मराठी वाचले की सोपे होते असे नाही. अनुच्छेद ३२ मधील आज्ञालेखांसाठी, म्हणजे रिटसाठी, संविधानाच्या मराठी प्रतीत देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण असे शब्द आहेत, तर स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत त्यांतील काहींसाठी बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश आणि अधिकारपृच्छा असे शब्द भेटतात. ज्याने एकच संच पाठ केला तो दुसरा समोर आल्यावर गोंधळतो. मी वहीत तीन रकाने केले होते : देवनागरीत लिहिलेला इंग्रजी शब्द, शासकीय मराठी शब्द आणि पुस्तकी मराठी शब्द. टॉर्ट म्हणजे अपकृत्य आणि कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, हे तोंडी बसल्यावर दोन्ही भाषांतील प्रश्न शेजारी शेजारी ताडून पाहता येऊ लागला. नात्यांच्या कोड्यांत तर मी इंग्रजी प्रश्नही वाचतेच, कारण ‘अंकल’चे मराठीत काका होतात की मामा, यावर सगळे उत्तर फिरू शकते.

इंग्रजीच्या ५० गुणांसाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते न्यायालयाचे निकाल. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. मूळ इंग्रजीचे एक पान आणि अनुवादाचे तेच पान असे रोज अमळनेरच्या वाचनालयात बसून वाचले, आणि व्याकरणाचे नियम वेगळे घोकण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

सामान्य ज्ञानासाठी रोजचे वर्तमानपत्र आणि संविधानाचे एक चांगले पुस्तक पुरते. जुनी पुस्तके विकत घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ मध्ये आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे.

वेळेचा तेव्हाचा हिशेब असा होता की १५० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. मी सामान्य ज्ञान १५ मिनिटांत, कायदा ३० मिनिटांत, तर्क आणि इंग्रजी प्रत्येकी ३५ मिनिटांत अशी विभागणी केली आणि शेवटची ५ मिनिटे राखून ठेवली. पहिल्या प्रयत्नात मी १४ प्रश्न कोरे सोडले होते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत हे ठाऊक असूनही, माहीत नसलेल्यावर खूण करणे मला अप्रामाणिक वाटले होते. दुसऱ्या वेळी ती शेवटची ५ मिनिटे मी केवळ कोरे प्रश्न भरण्यासाठी वापरली. संगणकाची सवयही मुद्दाम केली. तोवर सगळा सराव मोबाइलवर झाला होता, म्हणून शेवटचा महिना गावातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन माऊसने चाचण्या सोडविल्या.

माझा भाचा बारावीत आहे आणि त्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यायची आहे. त्याला मी हेच सांगते, पण एका फरकाने : त्या परीक्षेत प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे एकही प्रश्न कोरा न सोडण्याचा माझा सल्ला तेथे लागू नाही. तेथे १२० प्रश्नांना दोन तास आहेत, माध्यम केवळ इंग्रजी आहे आणि प्रश्न लांब उताऱ्यांवर असतात. वाचनाची सवय दहावीपासून नसेल तर शेवटच्या सहा महिन्यांत ती येत नाही. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र यांच्या मागे परीक्षेआधीच लागावे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला गुण चांगले होते, आणि प्रवेशफेरीच्या दिवशी कागद हातात नव्हता.

२०२२ च्या पावसाळ्यात मी दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि जळगावात प्रवेश मिळाला.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई माहेरी आली होती. दुपारी सगळे ओसरीवर असताना तिने पदराआडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले हक्कसोडपत्र काढले आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, “माले हाऊ कागद वाची दखाड, बेटा.” आप्पा समोरच बसले होते. त्यांचा लाभ त्या कागदात होता, आणि दोघांपैकी कोणाकडेही न पाहता मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागले. दस्त नोंदणीकृत होता, साक्षीदारांच्या सह्या होत्या, मजकुरात खोट नव्हती. मग मिळकतीचे वर्णन आले. त्यात दोन गट क्रमांक होते. घराण्याची जमीन तीन गटांत आहे, आणि नाल्याकाठचा तिसरा गट त्या कागदात कोठेच नव्हता. मी ते वर्णन पुन्हा एकदा वाचले. आप्पा उठून आत गेले, थोड्या वेळाने त्यांची जुनी कापडी पिशवी घेऊन बाहेर आले, आणि तिसऱ्या गटाचा सातबारा शोधून त्यांनी तो स्वतःच्या हाताने फुईसमोर ठेवला.