शनिवारचा तांबडा, रविवारचा पांढरा

शनिवारी आमच्या खानावळीचे मुख्य आचारी रश्श्याचं मीठ बघत नाहीत. मारुतीचा वार. एरवी त्या दिवशी आमच्या चुलीवर मटण चढतही नाही. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खायचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत बंद. म्हणजे मटणाच्या खानावळीचा आठवडा मुळातच अर्धा. पण त्या शनिवारी पुण्याचे एक हॉटेलमालक आले होते आणि त्यांच्या चाचणीला आदल्या दिवशीचा रस्सा हवा होता. चार किलो मटण आणलं, शिजवलं आणि मिठापाशी गाडी अडली.

"तुमच्या अंदाजानं घाला. मी तोंडात घेणार न्हाई," आचारी म्हणाले.

शेवटी मालकांबरोबर आलेल्या शेफनं वजनकाटा काढला. रश्श्याच्या लिटरला ९ ग्रॅम मीठ, मटण शिजताना घातलेलं धरून. आमच्या स्वयंपाकघरात मीठ तोलून पडलेलं बहुधा तेव्हाच पहिल्यांदा. हे मीठ पुढे कामाला आलं.

त्यांचा बेत असा: पुण्यात तीन हॉटेलं चालू आहेत, चौथं कोल्हापुरी थाळीचं काढायचं. रस्सा आणि सुकं इथं शिजवायचं, थंड करून रातोरात टेम्पोनं पाठवायचं, तिकडं फक्त गरम करून वाढायचं. अंतर साधारण २३० किलोमीटर, टेम्पोला पाच तास. शेफचा साधा सवाल होता: शिळा-ताजा फरक गिऱ्हाइकाला कळतो का? मालकांचा सवाल वेगळा. "मटण आणि मिसळ सोडली तर कोल्हापुरात जेवायला आहे काय? पुण्याशी बरोबरी कशी काय सांगता?" दोन्हींची उत्तरं रविवारच्या पंगतीत मिळाली, पण आमची समजूत होती तशी नाही.

थंड करण्यातच पहिली मेख असते. वीस-तीस लिटरचं पातेलं तसंच झाकून ठेवलं तर सकाळपर्यंत त्याचा गाभा कोमटच राहतो, आणि ते कोमटपण म्हणजे आंबण्याला आवतण. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर असावं नाहीतर ५ च्या खाली. मधला पल्ला झटपट ओलांडायचा. शेफनं रस्सा दोन बोटं खोलीच्या पसरट ट्रेमध्ये ओतला, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवले, अधूनमधून ढवळला. दीड तासात तो फ्रीजमध्ये जाण्याइतका थंड झाला. आमच्याकडे उरलेला रस्सा आजवर परातीत ओतून पंख्याखाली ठेवत होते. ते चूक होतं, आता बंद आहे.

रविवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानात. १२० ताटं धरून २२ किलो, म्हणजे ताटामागे कच्चं १८० ग्रॅम. शिजून त्यातला तिसरा हिस्सा जातो. बकरं सोलून अकरा किलोच्या आसपास भरणारं बघायचं. चौदा-पंधराच्या वर गेलेलं जून निघतं, चरबीला वास येतो, शिजायला वीस-पंचवीस मिनिटं जादा लागतात आणि तोवर रस्सा आटतो. मान, सीना, खांदा रश्श्याला, मांडी सुक्याला, शिवाय नळ्या आणि हाडं सहा किलो वेगळी. दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक बोट दाखवून तुकडा मागत होतं, आणि खाटीक न कुरकुरता तोच तोडत होता. मालक हे बघत होते. त्यांना सांगितलं, २०१९ च्या शेवटी याच शहरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं होतं. ते हसले. पण हॉटेल काढणाऱ्यानं हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नाही. ज्या गावाला मटणाचा तुकडा आणि त्याचा दर दोन्ही पाठ असतात, तिथं ताटातली लबाडी आठवडाभर टिकत नाही.

आता अळणी, म्हणजे मसाला पडायच्या आधीचं मटणाचं पाणी. कोल्हापुरी ताटाचा पाया हाच; तांबडा आणि पांढरा रस्सा त्याच्यावरच उभे राहतात. मटणाला मीठ, आलं-लसूण आणि थोडा कांदा लावून तेलावर परतायचं, पाणी सुटू द्यायचं. वर खोलगट झाकण, त्यात पाणी. ते तापलं की आत ओतायचं, झाकणात पुन्हा भरायचं. थंड पाणी एकदाही नाही, मटण आखडतं. किलोला दोन लिटरच्या हिशेबानं पाणी, मंद आच, सव्वा तास. कुकरनं वेळ वाचतो, पण रस्सा गढूळ होतो आणि मांस हाडाला सोडून देतं. हळदीचं भान ठेवावं लागतं: पांढऱ्यासाठीचं अळणी हळद न घालता काढायचं, नाहीतर पांढरा पिवळसर होतो आणि मग लोक त्यात काजू ओतून रंग झाकत बसतात. त्या दिवशी दोन्ही रश्श्यांना मिळून ५५ लिटर अळणी निघालं. तालमीतली दोन पोरं तर साडेदहालाच तांब्याभर अळणी पिऊन गेली. त्यांना बाकी ताटाशी देणंघेणं नसतं.

पांढऱ्याला लिटरला एक नारळ. पहिलं घट्ट दूध बाजूला ठेवायचं, दुसरं पातळ अळणीत आधी घालायचं. तीळ, खसखस, काजू भिजवून गंधासारखं वाटायचं. फोडणीला लवंग, दालचिनी, वेलची, मिरे आणि अख्ख्या सुक्या मिरच्या. मिरची फोडायची नाही, तिखटपणा मिऱ्याचा यावा. वाटण अळणीत शिजलं की आच अगदी बारीक करून घट्ट दूध, आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. कडेला वाफ धरली की उतरवायचा.

तांबड्याचं वाटण म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ, धने आणि चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. आमच्याकडे त्याला मसाला कुणी म्हणत नाही. उन्हाळ्यात कांडून वर्षभराची भरलेली. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झोंबायला थोडी लवंगी. यातली ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली आणि संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरी तिखटाची मुळं कर्नाटकात आहेत, हे इथं मोठ्यानं बोलत नाहीत.

साडेबाराला चाचणी. रविवारी न चुकता येणारी १४ गिऱ्हाइकं निवडली. प्रत्येकापुढं चार वाट्या: शनिवारचा तांबडा, आजचा तांबडा, शनिवारचा पांढरा, आजचा पांढरा. कुठली कुठली, ते फक्त शेफच्या वहीत. शनिवारचे रस्से ७५ अंशांपर्यंत तापवलेले.

पांढऱ्याचा निकाल चाखायच्या आधीच लागला. सत्तरीतले एक आबा वाटीत डोकावले आणि म्हणाले, "ह्यो फुटलाय की. कालचाय व्हय?" वर तेलाचे डोळे, खाली दाणेदार पाणी. चौदाच्या चौदा जणांनी ती वाटी सरकवली. दोष तापवण्याचा नव्हताच. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब असतात आणि प्रथिनांचं पातळ कवच त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. फ्रीजमध्ये थेंबांचे खडे होतात, खडे कवच फाडतात आणि पुन्हा गरम केलं की मोकळं झालेलं तेल एकत्र येऊन वर तरंगतं. एकदा फुटलेला पांढरा कितीही घुसळा, जुळत नाही. शेफनं खोक्यातलं नारळदूध सुचवलं. ते सहसा फुटत नाही, त्यात दाटपणा टिकवणारा डिंक असतो. पण जिभेवर बुळबुळीत लागतं आणि घशाखाली उतरल्यावर मागं काही उरत नाही.

तांबड्यात मात्र आमची जिरली. चौदापैकी नऊ जणांनी शनिवारचा उचलला. आबांनी तर दोनदा मागून घेतला आणि "आजचा हाय ह्यो, ताजा," असं ठासून सांगितलं. आचारी काही बोलले नाहीत, पातेलं विसळत राहिले. खरं तर यात आश्चर्य नाही. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही, आणि उतरायला वेळ लागतो. रात्रभरात लसणाचा उग्रपणा मोडतो, खोबऱ्याचं वाटण फुगून रस्सा एकजीव होतो. पण आणखी एक शंका होती: शनिवारचं मीठ तोललेलं, रविवारचं हाताच्या अंदाजाचं. मग नेमकं जिंकलं कोण, रात्र की काटा? आजच्या तांबड्यातलं मीठ मागाहून हिशेबानं काढलं तर लिटरला ११ ग्रॅमच्या पुढं गेलेलं. सकाळपासून चाखून चाखून आचाऱ्याची जीभ बोथट होते आणि दुपारकडे मीठ चढत जातं. सगळ्याच खानावळींत चढतं, सांगत कुणी नाही.

भाकरीची चाचणी झालीच नाही. शेफनं पिठाची पिशवी हुंगली आणि विचारलं, कधी दळलंय? परवा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. उकळत्या पाण्यानं जेवढी येते तेवढीच, आणि पीठ जुनं झालं की तीही जाते. पिठाची विरी गेली म्हणतात ती हीच. मग भाकरी थापतानाच कडांना तडकते. तव्यावरून काढल्यापासून पंधरा-वीस मिनिटं ती मऊ, नंतर चामडं. आमच्या दोन मावश्या दोन-दोन तव्यांवर मिळून तासाला ऐंशी भाकरी काढतात आणि ताट भरल्याशिवाय पुढची थापत नाहीत. हे टेम्पोत घालून नेता येत नाही. पुण्यात अशा मावश्या मिळतात, पण पगार ऐकून मालकांच्या हिशेबनिसांनी पेन खाली ठेवलं.

हिशेबनिसांचा डोळा रश्श्यावर होता. ताटामागे पांढरा दोनशे मिली, तांबडा अडीचशे. मागेल तितका, जादा पैसे नाहीत. "तिसऱ्या वाटीपासून दर लावा," ते म्हणाले. लावून बघा म्हटलं. इथं मिसळीवरचा जादा कट आणि ताटातला जादा रस्सा याला पैसे लावणारं दुकान चेष्टेचा विषय होतं.

आता मालकांचा सवाल, पुण्याशी बरोबरीचा. रात्री अकराला सुशी, लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, दर महिन्याला नवा मेन्यू या मापानं कोल्हापूर पुण्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि पुरायचं कारणही नाही. २०११ च्या जनगणनेत हे शहर साडेपाच लाखांचं, पुणे ३१ लाखांचं. राजारामपुरी आणि ताराबाई पार्कात कॅफे निघतात, चांगलेही असतात. पण तिथं बसणारी पोरं पदवी घेतली की पुण्याला जातात आणि कॅफेवाला नव्या बॅचची वाट बघत बसतो. वाढप्यांची शिस्त, आगाऊ टेबल, स्वच्छ हात धुवायची जागा, इथंही आम्ही मागे आहोत आणि 'रांगडेपणा' म्हणून ते खपवतो. दुसरीकडे, 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लाल ग्रेव्ही देशभर मेन्यूकार्डावर असते आणि इथल्या घरात ती भाजी कुणी करत नाही. शहराचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं, पदार्थ मात्र सांगलीच्या पुढं जाताना बदलतो. रविवारी आमच्या दारात पुण्याकडच्या एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्या कोल्हापूरच्या एमएच ०९ पेक्षा जास्त असतात, त्याचं कारण हेच. बकरं कापल्यापासून ताटापर्यंत पाच तास आणि तव्यापासून ताटापर्यंत पाच मिनिटं, एवढं अंतर मोठ्या शहरात भाड्याच्या आणि रहदारीच्या हिशेबात बसत नाही.

रात्री पाहुण्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. समोर म्हैस, समोर धार, फेसासकट पेला. शेफनं सवयीनं थर्मामीटर बुडवला: ३७. कच्चं दूध, न तापवलेलं. हॉटेलात वाढायची त्याची छाती होणार नाही, असं म्हणत त्यानं पेला रिकामा केला.

सौदा ठरला तो असा: तांबडा, सुकं आणि अळणी इथून थंड करून जाणार. थंड अळणी वडीसारखं थरथरतं, हाडांचा चिक उतरल्याची ती खूण. पातळच राहिलं तर ती खेप परत. पांढऱ्याचं वाटण गोठवून वेगळं जाणार, नारळ तिकडं खवून दूध तिथंच काढायचं. भाकरीचं त्यांचं त्यांनी बघावं.

सोमवारी आचाऱ्यांशी बोललो: रविवारचा तांबडा शनिवारी रात्रीच करायचा का? "शनवारी बकरं?" एवढंच म्हणाले. मग तोड निघाली. शनिवारी संध्याकाळी फक्त वाटण, किलोला ३०० मिली तेलात, तेल सुटेपर्यंत परतून, थंड करून फ्रीजमध्ये ठेवायचं; त्यात मटणाचा संबंध नाही. रविवारी सकाळी त्यात गरम अळणी. आणि काटा चुलीशेजारच्या फळीवर. पुढच्या रविवारी आबांनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागितली, आणि आज कालचा का आजचा हे विचारलं नाही.