तुम्ही विचारलंत म्हणून: जळगावच्या उन्हात रॅम जास्त वेगाने पळवायची का?

मी जळगावात कॉम्प्युटर जोडून देतो. "भाऊ, सहा हजार वेगाची रॅम घेतोय, पण आपल्याकडच्या उन्हात ती टिकेल का?" असं उन्हाळा लागला की कुणी ना कुणी विचारतंच. टिकेल. फक्त तिची परीक्षा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, भर दुपारी घ्यायची. जानेवारीत पास झालेल्या रॅमवर मी विश्वास ठेवत नाही.

कारण चिपच्या आतच आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळतो. झिरपणारा माठ रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा, तशी प्रत्येक ओळ ठरावीक वेळात रिफ्रेश करावी लागते. डीडीआर 4 या जुन्या पिढीच्या रॅममध्ये ही मुदत 64 मिलिसेकंद, नव्या डीडीआर 5 मध्ये 32. चिप 85 अंशांच्या वर गेली तर मुदत निम्मी करावी, असं रॅमचं ठरलेलं मानकच सांगतं, कारण उष्णतेने गळती वाढते.

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायची, हौस असलेले नेमके इथेच हात घालतात. रिफ्रेश चालू असताना मेमरीचं कामकाज थांबतं, म्हणून बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) टी-रेफी हा आकडा वाढवून ते दोन रिफ्रेशमधलं अंतर लांबवतात. वेग खरंच वाढतो, मलाही ते करायला फार आवडतं. पण हिवाळ्यात धुळ्याचा पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला तोच 45 च्या पुढे जातो. थंडीत निभावलेलं अंतर उन्हात निभावेलच असं नाही. डीडीआर 4 मधली सॅमसंगची बी-डाय चिप हौशी मंडळींची लाडकी, पण घट्ट टायमिंगवर, म्हणजे प्रत्येक कामाला कमीत कमी वेळ देऊन चालवताना, तापली की तीच आधी चुका करते.

डीडीआर 5 मध्ये भर अशी की व्होल्टेज सांभाळणारी चिप थेट रॅमच्या पट्टीवरच (स्टिकवर) बसवलेली असते. प्रमाण व्होल्टेज 1.1, पण 6000 च्या बऱ्याच किटचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे कंपनीने रॅममध्येच भरून दिलेली जास्त वेगाची सेटिंग, 1.35 मागतं. शिवाय ग्राफिक्स कार्डची गरम हवा वर चढते ती रॅमकडेच. म्हणून नुसतं मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून समाधान मानू नका. दुपारी, खोलीतला हवेचा कूलर बंद ठेवून, जड गेम आणि मेमरी टेस्ट दोन्ही सोबत चालवा. चूक दिसली तर आधी टी-रेफी मूळ आकड्यावर आणा, मग वेग एक पायरी उतरवा. व्होल्टेज चढवणं हा आपल्या भागात शेवटचा उपाय, कारण त्यासोबत उष्णताही चढते.

एक चुकलेला बिट निमूटपणे फाइलमध्ये जाऊन बसतो. लग्नाचा व्हिडिओ असो की दुकानाचा हिशेब, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. डीडीआर 5 च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करायची सोय आहे खरी, पण ती चिपच्या आतपुरती. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिघडलेलं ती पकडत नाही.

खरेदीचं म्हणाल, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सीएल म्हणजे मागणी केल्यावर रॅम किती ठोके थांबायला लावते तो आकडा. 6000 वेग आणि सीएल 30 म्हणजे पहिल्या प्रतिसादाला 10 नॅनोसेकंद. तोच वेग सीएल 40 ला 13 च्या वर जातो, आणि जुन्या डीडीआर 4 चं 3200 सीएल 16 सुद्धा 10 च देतं. एएमडीच्या रायझन 7000 प्रोसेसरसाठी 6000 सीएल 30 पुरेशी आहे. त्यापुढच्या किटचे पैसे वाचवून कॅबिनेटला चांगले पंखे घ्या, एक हवा थेट रॅमवर येईल असा. कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका, ती हवा दमट असते.

बहुतेक मदरबोर्डवर सेटिंगची प्रोफाइल जतन करता येतात. मी गिऱ्हाइकाला दोन करून देतो, उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं. हिवाळ्याच्या प्रोफाइलमध्ये टी-रेफी टेस्ट पास होईल तेवढा ताणा. होळी झाली की उन्हाळ्याचं लावा.