हनोईत मासा आणि चक्क शेपू

आज ग्रुपबरोबर जेवायला गेलो नाही. व्हिएतनामच्या या टूरवाल्यांनी रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट ठेवलंय, पनीर बटर मसाला, जिरा राईस, गुलाबजाम, कालही तेच होतं. ज्यांना पथ्यपाणी सांभाळायचंय त्यांची सोय होते ते चांगलंच आहे, पण दिवसभर फूटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोकं इतकी मन लावून खाताना बघायची आणि आपण रात्री परत पनीरच, हे काय मला झेपेना. मावशीला म्हटलं चल. मावशी रत्नागिरीची, माशाचं नाव काढलं की चपला घालून तयार.

बीफ-पोर्क आम्ही दोघीही खात नाही, त्यामुळे इथली अर्धी यादी आधीच बाद. बुन चा, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि भाजलेलं मांस, ते पोर्कचं, २०१६ मध्ये ओबामा येऊन जे खाऊन गेले ते, त्या हॉटेलवाल्यांनी ते टेबल काचेत बंद करून ठेवलंय म्हणे (आपल्याकडे असतं तर हार घातला असता). फो, म्हणजे शेवयांचं सूप, तेपण मूळ बीफचं, पण चिकनचं फो गा सगळीकडे मिळतं, सकाळी तेच खाल्लं. १९३९ च्या सुमारास आठवड्यातले दोन दिवस बीफ विकायला बंदी होती, त्या दिवसांत लोकांनी कोंबडी घालायला सुरुवात केली असं सांगतात. म्हणजे माझा नाश्ता त्या बंदीच्या कृपेने झाला.

तर रात्री चा का. जुन्या हनोईत गल्ल्यांची नावं धंद्यावरून आहेत, पुण्यात तांबट आळी असते तसं, हांग बाक म्हणजे चांदीवाल्यांची वगैरे. त्यातली एक रंगवाल्यांची गल्ली होती, तिथे एका घराण्याने १८७१ पासून हा माशाचा पदार्थ विकला आणि तो इतका चालला की गल्लीचं नावच बदलून चा का झालं. आम्ही गेलो ते हॉटेल दुसरं. मेनूकार्डची भानगड नाही, पदार्थ एकच, किती माणसं एवढंच विचारलं. मला हे फार आवडलं, अठरा पानी मेनूत सगळंच मिळतं आणि एकही गोष्ट धड नसते त्यापेक्षा हे बरं.

टेबलावरच शेगडी, तव्यात चुरचुरणारं तेल, त्यात हळद लावलेले माशाचे पिवळेधमक तुकडे, आणि मग त्या मुलीने ताट भरून हिरवं आणलं, पातीचा कांदा आणि त्याच्याबरोबर, मावशी ओरडलीच, "अगं बाई, हा तर शेपू!" शेपूच, दोन काड्या सजावटीला नाही, जुडीच्या जुडी. मी लहानपणापासून शेपूच्या दिवशी मुद्दाम मैत्रिणीकडे जेवायला जाणारी मुलगी. पण तिने तो तव्यात टाकला, दोनदा हलवला, जरा मान टाकल्याबरोबर वाटीत, खाली तांदळाच्या शेवया, वर मासा, भाजलेले शेंगदाणे, आणि काय सांगू, मी दुसरं ताट मागितलं शेपूचं. मला वाटतं आपलं भांडण शेपूशी नाहीच, आपण मुगाच्या डाळीबरोबर शिजवून शिजवून त्याचा जो लगदा करतो त्याच्याशी आहे. (आईने हे वाचू नये.)

बरोबर माम तोम नावाची चटणी, आंबवलेल्या कोळंबीची, जांभळट, लिंबू-साखर-मिरची घालून फेस येईपर्यंत घुसळतात. वास असा की शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या जोडप्याने वाटी लांब सरकवून साधा फिश सॉस मागवला. आम्ही जवळा, सोडे खाणाऱ्या घरातल्या, आम्ही वाटी पुसून खाल्ली. मावशीचा निकाल मात्र कडक, "मसाला चांगला, पण मासा गोड्या पाण्यातला, त्याला काय चव." नदीतला कॅटफिश असतो हा. काटा नाही म्हणून तुम्हा लोकांना आवडतो असंही ऐकवलं. बिल माणशी दोन लाखाच्या आत, डाँग हो, म्हणजे सहाशेक रुपये, तरी तो आकडा बघून मावशीने पर्स घट्ट धरली.

नंतर एग कॉफी. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलातल्या एका बारटेंडरने अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, ती ही. कप गार होऊ नये म्हणून गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. वर कस्टर्डसारखा जाड फेस, खाली कडू काळी कॉफी, अंड्याचा वास अजिबात नाही. चमच्याने खायची का प्यायची ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

उद्या ‘हा लाँग बे’ नावाच्या समुद्राच्या खाडीला. तिथे माकुल (स्क्विड) कुटून त्याचे वडे तळतात, चा मुक. मावशीने झोपायच्या आधी गाईडला व्हॉट्सॲप करून माकुल समुद्राचाच असतो ना हे विचारून घेतलं, त्याने हसायचा इमोजी पाठवला, आणि आता ती मला सहाचा अलार्म लाव म्हणतेय.