चौथा रिपोर्टही निगेटिव्ह

कोपरखैरण्यातल्या ज्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथे सकाळी गर्दी असते ती शुगर आणि थायरॉईडवाल्यांची. डॉक्टरची चिठ्ठी न घेता परस्पर येणारे अकरानंतर उगवतात. 'व्हीडीआरएल करायचीय', म्हणजे गरमीची (सिफिलिसची) रक्ततपासणी, हे एवढ्या हळू सांगतात की दोनदा विचारावं लागतं.

हा पोरगा मात्र फाईल घेऊनच आला. (ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.) तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेबाला. लग्न ठरलेलं. फाईलमध्ये तीन लॅबचे तीन रिपोर्ट: संबंध आल्यापासून तिसऱ्या दिवसाचा, नवव्याचा, पंधराव्याचा. तिन्ही नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. 'आता एक शेवटचा, पक्का करून टाका काका.'

तिसऱ्या दिवशी केलेली ही टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात. गरमीचा जंतू अंगात शिरल्यावर पहिली जखम उठायलाच साधारण तीन आठवडे जातात; कुणाला 10 दिवस, कुणाला 90. आणि व्हीडीआरएल किंवा तिच्यासारख्याच आरपीआर टेस्टला सापडतील एवढ्या अँटिबॉडी रक्तात यायला जखम उठल्यानंतरही एक ते चार आठवडे लागतात. म्हणून निगेटिव्ह आलेल्याने तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. हे त्याला कुठल्याच काउंटरवर कुणी सांगितलं नव्हतं. पैसे घेतले, रक्त घेतलं, पुढचा पेशंट.

त्या दिवशी त्याचा पंचविसावा दिवस होता. 'अंगावर काही उठलंय का?' विचारलं, तर नाही म्हणाला. सुई काढून कापूस दाबला, तेव्हा कापसाकडे बघत बोलला, 'एक फोड आहे खाली. पण दुखत नाही. चेनला घासलं असेल.'

दुखत नाही म्हणाला तिथेच माझे कान टवकारले. चेनला घासलेलं दुखतं. गरमीची पहिली जखम बहुतेक वेळा दुखत नाही, आणि औषध नाही घेतलं तरी काही आठवड्यांत आपोआप भरते. माणूस समजतो, बरं झालं. जंतू आत तसाच.

रक्तातलं सीरम (वरचं पिवळसर पाणी) वेगळं केलं, आरपीआरच्या कार्डावर थेंब टाकला, त्यावर कोळशाचे कण असलेलं अँटिजेन, आणि कार्ड रोटेटरवर आठ मिनिटं. रिॲक्टिव्ह असेल तर काळे कण गोळा होऊन ठिपके दिसतात. इथे सगळं एकसारखं करडं. अँटिबॉडी फार जास्त असल्या तरी कधीकधी टेस्ट फसते, म्हणून सीरम पातळ करूनही लावलं. तेच. नॉन-रिॲक्टिव्ह.

रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडमना फोडाचं सांगितलं. त्यांनी खाली शेरा टाकला: सुरुवातीच्या काळात टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासावे. पोराने शेरा वाचलाच नाही. मी थांबवलं, आजच्या आज स्किनच्या डॉक्टरकडे जा म्हटलं, तर चिडला.

'चार लॅब खोट्या आणि एक फोड खरा?'

'लॅब खोट्या नाहीत रे. तू त्यांना लवकर विचारलंस.'

गेला एकदाचा. डॉक्टरांनी जखम बघितली, जांघेतल्या गाठी चाचपल्या आणि रिपोर्टची वाट न बघता बेन्झाथिन पेनिसिलीन दिलं, 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. एचआयव्हीची तपासणीही करायला लावली. रात्री त्याचा लॅबच्या नंबरवर फोन: थंडी वाजून ताप आलाय, इंजेक्शन उलटलं का? पहिल्या चोवीस तासांत असा ताप येऊ शकतो हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, घाबरून विसरला. पुरळ, धाप काही नाही ना विचारलं आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. सकाळपर्यंत ताप उतरला.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. या वेळी कार्डावर काळे ठिपके. आरपीआर वन इज टू एट, म्हणजे सीरम आठपट पातळ केलं तरी ठिपके दिसत होते. टीपीएचए, म्हणजे याच जंतूच्या अँटिबॉडी शोधणारी दुसरी टेस्ट, तीही पॉझिटिव्ह. बराच वेळ रिपोर्ट हातात धरून बसला, मग विचारलं, 'लग्नाचं काय?' ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं: घाई नको, मी हो म्हणेपर्यंत संबंध नको. जिच्याशी संबंध आला तिलाही तपासायला पाठव म्हटलं होतं, पण तिचा नंबर याच्याकडे नव्हता. ते तिथेच राहिलं.

सहा महिन्यांनी आरपीआर वन इज टू टूवर आली. चौपट उतार, म्हणजे औषध लागू पडलं. पण याची नजर दुसऱ्याच ओळीवर.

'टीपीएचए अजून पॉझिटिव्हच?'

ती बहुधा जन्मभर तशीच राहणार, म्हटलं. ती फक्त कधीतरी लागण झाली होती एवढं सांगते. आता आहे की नाही ते आरपीआरच्या आकड्यावरून बघायचं. उद्या नव्या डॉक्टरने ती बघून पुन्हा इंजेक्शन काढलं तर हे आकडे दाखव, म्हणून फाईल टाकू नकोस. त्याने आधीचे तीन रिपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवले, बाकीचे फाईलमध्ये लावले आणि वर्षाच्या तपासणीची तारीख लिहून घेतली.